नाडी तीनच अंक पाहिली

हे घडलेलं आहे. घडलं तेव्हा गाडीत आम्ही दोघं होतो. एक मी, आणि दुसरा आता गाडी चालवत नाही. मी देवाधर्मातली बाई, लोकांना घाबरवून मला काय मिळणार? विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. पण अर्धवट वाचून सोडू नका, एवढंच म्हणेन.

रविवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर माणसं, पोरं सायकली फिरवत होती.

अंधार असता तर मी अंधाराला दोष दिला असता.

आमच्या भागात स्वयंसेवकांच्या मंडळाची एक अ‍ॅम्ब्युलन्स आहे. जुनी पांढरी गाडी. मागचं दार दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे सात वर्षं, दर रविवारी मी तिच्यावर जाते. सगळे मला मावशी म्हणतात. नव्याने येणाऱ्यांना प्रथमोपचार मीच शिकवते. श्वास कसा बघायचा, नाडी कशी बघायची.

"दोन बोटं मानेवर, डोळे छातीवर, आणि पूर्ण एक मिनिट," हे वाक्य मी शंभर वेळा तरी म्हटलं असेल.

गाडी चालवायचा तो चाळिशीचा, एका बेकरीत कामाला. त्याचं नाव पडलं होतं भोंग्या. कारण सायरन. मोकळा रस्ता असला तरी हा सायरन लावणार. मी रागावले की म्हणायचा, "मावशी, मला गाता येत नाही. एवढंच काय ते गाणं."

त्या रविवारी सकाळी मी प्रवचनाला जाऊन आले होते. सांगणारे बुवा अर्धं गाऊन सांगतात, अर्धं बोलून. त्या दिवशी ते गाता गाता थांबले आणि म्हणाले, समोर जो देह येईल तो देवाचं घर समजा, मग ते घर कितीही पडकं असो. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. पदर भिजला होता.

ही सकाळची गोष्ट.

दुपारी तीनला फोन आला. एका खोलीचा मालक बोलत होता. त्याच्याकडे एक म्हातारे भाडेकरू एकटेच राहायचे. पूर्वी शिंपीकाम करायचे. दोन दिवस दिसले नव्हते.

आम्ही पोचलो तेव्हा मालक बाहेर उभा होता. नाकावर रुमाल.

"गेलेत हो. वासावरून कळत नाही का?"

"डॉक्टर आले होते?" मी विचारलं.

"रविवारी कोण येतंय? शववाहिका संध्याकाळी येईल म्हणतात. तोवर मी काय करू? वर माझी बायकापोरं आहेत. तुम्ही घेऊन जा, एवढे उपकार करा."

आमची गाडी प्रेतांसाठी नाही. पण भोंग्या मऊ मनाचा. "नेऊ की मावशी," तो म्हणाला. "दवाखान्यात कागद तरी होईल."

मी दार ढकललं...

आणि तो वास अंगावर आला.

कसा सांगू? वास नाकात जातो, हा जिभेवर बसला. खोलीत एक खाट, एक शिलाई मशीन, खिडकी बंद. ताटात काहीतरी होतं, त्यावर हिरवी लव आलेली. माशा इतक्या, की मी शिरल्यावर भिंतीचा रंग बदलला. गादी ओली होती. आणि त्यांचा डावा पाय... घोट्यापासून वर काळा, फुगलेला, फुटलेला. जखमेत हालचाल होती.

अळ्या.

तांदूळ सांडल्यासारख्या, पण हलणाऱ्या.

भोंग्या दारातूनच मागे फिरला. ओकारीचा आवाज आला. मग बाहेरूनच म्हणाला, "मावशी, एकदा बघून घ्या. म्हणजे झालं."

मी हातमोजे घातले. एकावर एक, दोन जोड्या. मान त्या उशीत रुतली होती, तिथे हात घालवेना. म्हणून मनगट धरलं, तेही दोन बोटांच्या टोकांनी. कातडी बुळबुळीत होती. दोन मोज्यांतूनही ते कळत होतं. त्यांच्या मधल्या बोटात लोखंडी अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती टोपी. बोट सुजून ती आत रुतून बसली होती.

मी मोजायला लागले.

एक. दोन. तीन...

काहीतरी वळवळत माझ्या मोज्यावर चढलं. मी हात झटकला.

मालक दारातून बघत होता. भोंग्या बघत होता.

"गेलेत," मी म्हटलं.

छाती बघितली नाही. श्वास बघितला नाही. मिनिट राहू दे, दहा अंकसुद्धा मोजले नाहीत. मला तिथून बाहेर पडायचं होतं, एवढंच खरं.

आम्ही त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. चादर तोंडावर ओढली. पट्टे आवळले. पेशंट असला की मी मागे त्याच्याशेजारी बसते, तो नियमच आहे. त्या दिवशी मी पुढे बसले. पुढच्या आणि मागच्या भागामध्ये एक सरकती काच आहे, ती बंद केली. वर फटीत रुमाल कोंबला.

भोंग्याने सायरन लावला नाही.

"आता कुणासाठी घाई करायची?" तो म्हणाला.

दवाखान्याच्या वाटेवर, मोठ्या झाडाखाली सोड्याची गाडी उभी असते. भोंग्याने तिथे गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. म्हणाला, "पोटात ढवळतंय मावशी, एकेक लिंबूसोडा घेऊ. नाहीतर मीच मागे आडवा व्हायचो."

मी हसले. हो, हसले.

सावलीत उभं राहून आम्ही सोडा प्यायलो. भोंग्या म्हणाला, "तुम्ही असल्या माणसाला हात लावलात. आज तुमचं पुण्य माझ्यापेक्षा जास्त."

तेवढ्यात...

टक.

टक.

टक.

गाडीच्या मागच्या बाजूने. लोखंडावर लोखंड वाजावं तसं.

"पट्ट्याचं बक्कल आपटतंय," भोंग्या म्हणाला.

मी मान डोलावली आणि दुसरा सोडा सांगितला.

गाडी उभी होती. इंजिन बंद होतं. उभ्या गाडीत बक्कल कसं आपटेल, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. किंवा पडला असेल, मी त्याला बसू दिलं नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या चादर वरून खाली ओढायला गेल्या. ती येईना. तोंडापाशी ती ओली होती, आत ओढली गेली होती... दातांत घट्ट धरलेली.

बाईंनी ती सोडवली. मानेवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"कधी गेलेत म्हणालात?"

"दोन दिवस झाले," भोंग्या म्हणाला.

"अंग गरम आहे."

"ऊन फार आहे ना," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या सोड्याच्या बाटलीकडे पाहिलं. ती सोडेवाल्याला परत द्यायची राहून गेली होती. कागदावर लिहिलं, मृतावस्थेत आणले. मी खाली सही केली.

"मावशी," त्या म्हणाल्या, "हात धुऊन घ्या."

मी धुतले. कोपरापर्यंत. अजून धुते आहे.

त्या संध्याकाळी आम्ही गाडी तीन वेळा धुतली. फिनाइल, मग ब्लीचिंग पावडर, मग पुन्हा फिनाइल. नवी चादर घातली, कडा गादीखाली खोचल्या, दार दोनदा ओढून लावलं.

पुढच्या रविवारी दार उघडलं तर चादर वरच्या बाजूने खाली सारलेली होती.

नीट. दोन्ही हातांनी तोंडावरून बाजूला करावी तशी.

आणि कडेला एक ओला, पिवळट गोल डाग.

"कुणीतरी झोपलं असेल आत," भोंग्या म्हणाला. आठवड्याची वही बघितली. मधल्या दिवसांत गाडी बाहेर पडलीच नव्हती. किल्ली त्याच्याच खिशात होती.

मी चादर बदलली. दोन रविवारांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी चादर चिमटीत धरून नाकाशी नेली आणि तिथेच उलटी केली. तोच वास. जिभेवर बसणारा. बाकीची मंडळी आत डोकं घालून म्हणायची, "मावशी, फिनाइलचाच तर वास आहे." फक्त भोंग्या नाकाला रुमाल लावायचा. त्याने खिशात कापूर ठेवायला सुरुवात केली होती.

मग सायरन.

गाडीत पेशंट असला आणि मी असले, की सायरन व्यवस्थित चालायचा... सोड्याच्या गाडीपर्यंत. त्या झाडाखालून गाडी गेली की बंद. भोंग्या बटण दाबून दाबून थकायचा. दवाखान्याच्या फाटकात शिरलो की आपोआप सुरू. मधला रस्ता दहा मिनिटांचा, आणि सगळ्यात गर्दीचा तोच. सायरन नसला की कोण वाट देतंय? एका बाळंतिणीला घेऊन आम्ही तिथे वीस मिनिटं अडकलो. ती वाचली, बाळही वाचलं. देवाची कृपा, आमची नव्हे.

मेकॅनिकने सगळं उघडून पाहिलं. नवी वायर टाकली. "मावशी, गाडी ठणठणीत आहे," म्हणाला. "तुमच्या माणसाला बटण दाबता येत नसेल."

भोंग्याला बटण दाबता येत नाही. ऐका आता.

एकदा परत येताना, गाडी रिकामी, सिग्नलला उभे होतो. मागून आलं...

टक. टक. टक.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"बक्कल," भोंग्या म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच जणू.

"हो," मी म्हटलं.

मी जाणं बंद करायला हवं होतं. मी नसले की सगळं ठीक चालायचं, हे सगळ्यांच्या लक्षात यायला लागलं होतं. पण घरी बसले असते तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

मग तो बुधवार आला. सकाळचे दहा.

माझी थोरली बहीण माझ्याकडेच असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. मला तिनेच वाढवलं. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती, म्हणाली, "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय ग." आणि खालीच बसली. कपाळाला गार घाम. ओठ राखेच्या रंगाचे.

मी फोन केला. भोंग्या बेकरीतून पिठाच्या हातांनीच गाडी घेऊन आला. अक्काला आत घेतलं. मी तिच्या उशाशी बसले, ऑक्सिजन लावला. सायरन चालू होता, गाडी पळत होती. मी मनातल्या मनात नाव घेत होते. आज नको, एवढंच मागत होते. हिच्यासाठी तरी नको.

ते झाड आलं.

सायरन थांबला.

पुढे गाड्यांची रांग. भोंग्या हॉर्नवर हात दाबून धरत होता, खिडकीतून ओरडत होता. कुणी हलेना. गाडीतली हवा दाट व्हायला लागली. तो वास... आधी पुसट, मग इतका की मला तोंड दाबून धरावं लागलं.

अक्काने डोळे उघडले. तोंडावरचा मास्क थोडा सरकवला.

"वास कसला ग?"

आजवर माझ्याशिवाय आणि भोंग्याशिवाय तो कुणाला आला नव्हता.

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी, बाकड्याच्या रिकाम्या टोकाकडे बघत होती.

"यांना कुणी बघितलं का?" ती म्हणाली.

"कुणाला अक्का?"

"केव्हाचा हात पुढे करून बसलाय बिचारा. आधी त्याला बघ."

टक.

बाकड्याच्या लोखंडी पायावर. माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

टक.

टक.

अक्काचे डोळे मिटले. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी व्हायला लागली.

मी हातमोजे काढले. का काढले, विचारू नका. ते घालून चालणार नाही, एवढं आतून कळलं. उजवा हात त्या रिकाम्या जागेकडे पुढे केला आणि डोळे मिटले.

माझ्या बोटांत मनगट आलं.

बुळबुळीत. ओलं. कातडी हाडावरून सरकत होती, पिकून सडलेल्या केळ्याच्या सालीसारखी. माझ्या हाताच्या पाठीवरून काहीतरी बारीक, मऊ, चालत वर गेलं. एक. मग आणखी. कोपरापर्यंत. घशात आंबट आलं, ते मी गिळलं. हात सोडला नाही.

एक. दोन. तीन. चार...

डोळे उघडून समोरच्या घड्याळाकडे बघत मोजत राहिले. दहा. वीस. त्या बोटांखाली आधी काहीच नव्हतं. तीस. चाळीस.

आणि मग लागली.

बारीक. धाग्यासारखी. पण लागली. थांबून थांबून, चुकत चुकत... नाडी.

पूर्ण एक मिनिट झालं.

"जिवंत आहेत," मी म्हटलं. मोठ्याने. "हे जिवंत आहेत. मी नीट बघितलं नव्हतं."

हातातलं मनगट गेलं.

सायरन सुरू झाला.

अक्का वाचली. चार दिवसांनी घरी आली. तिला गाडीतलं काही आठवत नाही. फक्त मी भात कालवून द्यायला गेले तर तिने तोंड फिरवलं. "तुझ्या हाताला कसला ग वास येतो? धुवत जा नीट."

माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना तो वास आहे. लिंबू चोळलं, कापूर चोळला, माती चोळली. मी आता चमच्याने जेवते. देवाला फूल वाहायचं तर डाव्या हाताने वाहते आणि मनात माफी मागते.

भोंग्याने त्या बुधवारनंतर गाडीची किल्ली परत दिली. जाताना एवढंच म्हणाला, "मावशी, सायरनचं बटण मी सोडून दिलं होतं. दोन्ही हात हॉर्नवर होते माझे." मग म्हणाला, "आणि तुम्ही मागे कुणाशी बोलत होता ते मला सांगू नका."

मी मंडळाच्या अध्यक्षांना सगळं सांगितलं. तीन अंक, सोडा, चादर, सगळं. ते चांगले गृहस्थ आहेत. पाणी दिलं, पंखा लावला.

"मावशी, कागदावर मृतावस्थेत आणले असंच लिहिलंय," ते म्हणाले. "आता उकरून कुणाचं भलं होणार? त्यांना मागे कुणी नाही. तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या."

डॉक्टरीणबाईंकडेही गेले. त्यांची बदली झाली होती.

मी विश्रांती घेतली नाही. दर रविवारी लवकर जायचं, गाडीत एकटीने चढायचं, दार दोनदा ओढून लावायचं, मोजे न घालता हात पुढे करायचा. पूर्ण एक मिनिट. मग दिवसभर सायरन नीट वाजायचा. गेले आठ महिने हे चाललं होतं. किळस कमी होईल असं वाटलं होतं. नाही झाली. आधी त्यांची वाटायची, आता ज्या बाईने हात झटकला तिची वाटते. ती रोज आरशात दिसते.

आता नवी गाडी आली आहे. जुनी शनिवारी भंगारात जाणार. ती यंत्रात घालून चपटी करतात म्हणे.

परवाच्या रविवारी मी शेवटची आत चढले. नाडी मोजली. साठापर्यंत. मग हात न सोडता त्यांना म्हटलं, "बाबा, ही गाडी आता जाणार. मी तुम्हाला मेलेलं म्हटलं, ते माझं पाप. तुम्ही म्हणाल ते भोगीन. पण आता मोकळे व्हा."

बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज.

मग ते मनगट माझ्या बोटांतून हळूच सुटलं...

आणि माझ्या मनगटावर दोन बोटं टेकली.

एका बोटाला गार लोखंड होतं.

मी श्वास रोखून बसले. ते मोजत होते. मला कळत होतं.

एक.

दोन.

तीन.

आणि त्यांनी हात झटकला.

त्यानंतर गाडीत वास नव्हता. टकटक नाही, डाग नाही, काही नाही. फिनाइलचा वास तेवढा. लोक म्हणतील, सुटलात मावशी.

मी घरी आले. अक्का दार उघडून उभी होती. मी आत शिरले तशी ती एकदम मागे सरली आणि तिने पदर नाकाला लावला.

आज गुरुवार आहे. मी जिवंत आहे. हे लिहायला बसण्याआधी पुन्हा एकदा मानेवर दोन बोटं ठेवून बघितलं, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट.

लागते आहे.

पण रात्री झोपताना मी चादर छातीच्या वर घेत नाही. आणि सकाळी उठते तेव्हा ती तोंडावर ओढलेली असते.